नवीन अल्बमवर निम्मे खूश, निम्मे नाराज, परत जुन्या साउंडकडे वळायचं का?

पत्र:

ताई, आमचा चौघांचा बँड आहे पुण्यात, कॉलेजपासून वाजवतोय. दोन अकूस्टिक गिटार, एक कहोन (ज्यावर बसून हातांनी थाप मारतात तो लाकडी खोका), एक माउथ ऑर्गन, मराठी रॉक, गाणी सगळी आमचीच. पहिला अल्बम तीन वर्षांपूर्वी एका मित्राच्या फ्लॅटमध्ये भिंतींना गाद्या लावून रेकॉर्ड केला आणि तो लोकांना खूप आवडला, अजूनही कॅफेत वाजवलं की लोक सोबत गातात. दुसऱ्या वेळी आम्हाला मोठं काहीतरी करायचं होतं. पैसे साठवले, चांगल्या स्टुडिओत गेलो, इलेक्ट्रिक गिटार घेतली, सिंथ (सिंथेसायझर) वापरला, ड्रम एका सेशन ड्रमरकडून, म्हणजे रेकॉर्डिंगपुरत्या बाहेरून बोलावलेल्या ड्रमरकडून, वाजवून घेतले. अल्बम येऊन दीड महिना झाला. निम्मे म्हणतात भारी, बँड मोठा झाला. निम्मे म्हणतात तुमच्यात जे होतं तेच घालवलंत, शब्द कळत नाहीत, आता बाकीच्या बँडसारखेच वाटता. पहिल्या गिगपासूनचा एक श्रोता आहे, त्याने तर मेसेज केला की तुम्ही विकले गेलात. आमचा कहोनवाला स्टुडिओपासूनच गप्प आहे, म्हणतो पुढचं तुम्हीच बघा. पुढच्या महिन्यात शो आहे. आमचं चुकलं का? पटकन एक ईपी (चार-पाच गाण्यांचा छोटा अल्बम) जुन्या साउंडमध्ये करून टाकावी का? रात्री हेच डोक्यात फिरत राहतं.
एक गिटारवाला, पुणे

उत्तर:

पटकन ईपी करू नका. हे सगळ्यात आधी सांगतेय, कारण बाकीचं सगळं सावकाश बोलता येईल पण ही एक गोष्ट तुम्ही पुढच्या पंधरा दिवसांत करून बसाल आणि मग मागे घेता येणार नाही.

तुझा अल्बम मी ऐकला. आधी हेडफोनवर, मग स्वयंपाक करताना साध्या स्पीकरवर, कारण बहुतेक लोक तसंच ऐकतात, आणि पहिला अल्बमही परत काढून ऐकला. मला काय वाटलं ते सांगतेच, पण त्याआधी एका बँडबद्दल बोलते, कारण तुमची गोष्ट त्यांच्या गोष्टीशी इतकी जुळते की पत्र वाचताना सारखी तीच आठवत होती.

ममफर्ड अँड सन्स, लंडनचे. तू ऐकलेच असणार, तुमच्या पहिल्या अल्बमवर त्यांची सावली आहे असं मला वाटतं आणि त्यात वाईट काही नाही. २००९ ला त्यांचा 'साय नो मोअर' आला तेव्हा बँडमध्ये ड्रमर असा कोणी नव्हताच. मार्कस ममफर्ड गिटार वाजवत गायचा आणि पायाने किक ड्रम मारायचा, बाजूला विन्स्टन मार्शलचा बॅन्जो (गिटारसारखं गोल तोंडाचं तंतुवाद्य, आपल्या मिरवणुकीतला नाही), बेन लव्हेटचे कीबोर्ड, टेड ड्वेनचा डबल बास, आणि एवढ्यावर ते हजारो लोकांना उड्या मारायला लावायचे. २०१० ला त्यांनी आणि इंग्लिश गायिका लॉरा मार्लिंगने दिल्लीत राजस्थानी कलाकारांबरोबर रेकॉर्ड केलेली चार गाण्यांची ईपी आली, धरोहर प्रोजेक्ट या नावाने, आपल्याकडे फार कोणाला माहीत नाही पण जरूर ऐक. मग २०१२ ला 'बेबल', अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात सहा लाखांच्या आसपास खपला आणि पुढच्या वर्षी अल्बम ऑफ द इयरचं ग्रॅमी घेऊन आला. म्हणजे तोपर्यंत बॅन्जो ही त्यांची ओळखच झाली होती.

आणि २०१५ च्या मे महिन्यात 'वाइल्डर माइंड' आला, त्यात बॅन्जो नाहीच. इलेक्ट्रिक गिटार, ड्रमकिट, सिंथ. तुमचीच यादी. प्रोड्युसर जेम्स फोर्ड, आणि गाणी घडत असताना द नॅशनल या अमेरिकन बँडचा आरन डेस्नर मदतीला. अल्बम ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेतही पहिल्या नंबरवर गेला, पण अमेरिकेतला पहिल्या आठवड्याचा आकडा अडीच लाखांच्या आसपास, म्हणजे आधीच्या निम्माही नाही. काही लोक म्हणाले बरं झालं एकदाचे सुटले त्या बॅन्जोतून, काही म्हणाले आता यांच्यात आणि बाकीच्या स्टेडियमवाल्या बँडमध्ये फरक काय राहिला. तू लिहिलेली वाक्यं जवळजवळ तीच आहेत, फक्त गाव वेगळं.

माझं मत विचारशील तर तो अल्बम जिथे कमी पडतो तिथे बॅन्जो नाही म्हणून कमी पडत नाही. गाण्याचा आराखडा त्यांनी जुनाच ठेवला, हळू सुरुवात, मग चढत जायचं, शेवटी सगळे एकदम. आधी तो चढ बोटांतून यायचा, बॅन्जो धावायला लागला की ऐकणाऱ्याला कळायचं की समोरची माणसं आता जीव तोडून वाजवतायत, श्वास लागेपर्यंत. इलेक्ट्रिकमध्ये तोच चढ आवाज वाढवून आणला आणि आवाज वाढवणं कोणालाही जमतं. 'बिलीव्ह' ऐकताना मला नेमकं हेच वाटतं, गिटार येते, मोठी होते, पण आपण तिथेच राहतो. उलट 'द वुल्फ' ऐक, तेही इलेक्ट्रिकच, पण ते गाणं पहिल्या ठोक्यापासून इलेक्ट्रिक गिटारसाठीच लिहिल्यासारखं पळतं, तिथे बॅन्जोची आठवणही येत नाही. तुमच्या अल्बममध्येही मला हे दोन्ही प्रकार सापडले, त्याकडे येते.

पण पुढे काय झालं ते बघ, कारण तुझ्या ईपीच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. त्यांनी घाबरून लगेच बॅन्जोचा अल्बम काढला नाही. २०१६ ला दक्षिण आफ्रिकेत जाऊन सेनेगलच्या बाबा माल वगैरे लोकांबरोबर 'जोहान्सबर्ग' केली, २०१८ ला 'डेल्टा' आला, २०२१ ला विन्स्टन मार्शल बाहेर पडला (वेगळ्या कारणाने, साउंडवरून नाही), आणि २०२५ मध्ये 'रशमिअर' आला ज्यात परत अकूस्टिक गिटार, परत साधेपणा, प्रोड्युसर डेव्ह कॉब. म्हणजे दहा वर्षांनी, तेही चारातले तीन उरल्यावर. आणि तेव्हा लोक काय म्हणाले? निम्मे म्हणाले घरी आले, निम्मे म्हणाले यात नवीन काय आहे. परत गेलं तरी लोक दोन बाजूंना होतातच, म्हणून लोकांना शांत करण्यासाठी परत जाऊ नका. तुम्हाला स्वतःला तिकडचं गाणं सुचलं तर जा, खुशाल जा, उद्या जा. पण तुझ्या पत्रात 'करून टाकावी का' असं आहे, आणि करून टाकलेली गाणी ऐकणाऱ्याला लगेच कळतात.

आता तुमच्या प्रतिक्रिया. तू त्या सगळ्या एका पिशवीत भरून डोक्यावर घेतल्यायस म्हणून जड वाटतंय. त्यातली प्रत्येक वेगळी आहे.

'शब्द कळत नाहीत' ही टीका नाही, ही माहिती आहे आणि अगदी खरी आहे. तिसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात दोन ओळी मला तू पाठवलेले शब्द समोर ठेवल्याशिवाय कळल्याच नाहीत. बोलण्यातली व्यंजनं, च, ट, श, ज्यांच्यामुळे शब्द ओळखू येतो, त्यांची धार साधारण २००० ते ४००० हर्ट्झमध्ये असते, आणि डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका, खरखरीत करणारा इफेक्ट) लावलेली गिटारही तिथेच ठाण मांडून बसते. अकूस्टिक गिटारवर प्रत्येक स्ट्रोकनंतर आवाज पडतो, मध्ये फट राहते, त्या फटीत तुझे शब्द ऐकू यायचे. डिस्टॉर्शनवाला सूर पडतच नाही, वर सिंथचा पॅड, म्हणजे मागे सतत चालणारा लांब सूर, आहेच, मग शब्दांनी जायचं कुठून? इंजिनिअरला सांग की कडव्यात गिटारचा तेवढा भाग खाली घे, सिंथ फक्त ध्रुवपदात ठेव, आणि त्या एका गाण्याचं नवीन मिक्स करून वेगळं टाका. आणि मास्टर करताना, म्हणजे तयार गाण्यावर शेवटचा हात फिरवताना, आवाज एवढा ठासून भरायची काहीच गरज नव्हती रे, स्पॉटिफाय तसंही सगळी गाणी साधारण मायनस १४ लफ्सच्या (गाणं कानाला किती मोठं लागतं ते मोजायचं एकक) आसपास आणून वाजवतं, म्हणजे तुमचं मोठं केलेलं गाणं तिथे परत लहान होतं आणि मधल्या मधे हळू आणि जोरात यातला फरक तेवढा मरतो. पहिल्या अल्बममध्ये तो फरक होता, गाद्या लावलेल्या खोलीतसुद्धा.

'बाकीच्या बँडसारखे वाटता' हे पण पूर्ण खोटं नाही, पण अर्ध्याच अल्बमला लागू आहे. एक सोपी परीक्षा घ्या. रिहर्सलला अल्बममधलं प्रत्येक गाणं फक्त दोन गिटार, कहोन आणि माउथ ऑर्गनवर वाजवून बघा, अगदी पहिल्या दिवसांसारखं, माइकशिवाय. जे गाणं तरी उभं राहतं ते तुमचं आहे, त्याला इलेक्ट्रिक कपडे घातले काय आणि नाही काय, काही बिघडत नाही. जे कोसळेल ते साउंडच्या जिवावर उभं होतं. माझा अंदाज दोन गाणी कोसळतील, दुसरं आणि सहावं, पण मी फक्त ऐकणारी आहे, तुम्ही वाजवून बघा. आणि शेवटचं गाणं, ज्यात माउथ ऑर्गन अ‍ॅम्पमधून (अ‍ॅम्प्लिफायरमधून) वाजवलाय, ते मला अख्ख्या अल्बममध्ये सगळ्यात आवडलं, पहिल्या अल्बमच्या कुठल्याही गाण्यापेक्षा जास्त. लिटल वॉल्टरने शिकागोत १९५० च्या दशकात माउथ ऑर्गन आणि माइक एकत्र हातात धरून अ‍ॅम्पमधून असा काही वाजवला की त्या वाद्याचा आवाजच कायमचा बदलला. वीज जोडली की वाद्य बाटतं असं काही नसतं. तुम्हाला ते त्या एका गाण्यात बरोबर सापडलंय, तो रस्ता सोडू नका.

बॉब डिलनचं उदाहरण तुला आत्तापर्यंत दहा जणांनी दिलं असेल, १९६५ चा न्यूपोर्टचा फोक फेस्टिव्हल, इलेक्ट्रिक गिटार, लोकांनी हुर्यो उडवली वगैरे. ते ऐकवून लोक सांगतात बघ, तो झुकला नाही. पण त्याच रात्री तीन इलेक्ट्रिक गाण्यांनंतर तो अकूस्टिक गिटार घेऊन परत स्टेजवर आला आणि आणखी दोन गाणी गायला, हा भाग फार कोणी सांगत नाही. त्याच वर्षी आलेल्या त्याच्या एका रेकॉर्डची एक बाजू इलेक्ट्रिक होती आणि दुसरी जवळजवळ पूर्ण अकूस्टिक. हे की ते असं त्याने स्वतः तेव्हा केलंच नव्हतं.

आता 'विकले गेलात'वाला. त्याला उत्तर देताना स्टुडिओचा खर्च, कष्ट, हे काही सांगू नकोस. फोन कर, मेसेज नाही, आणि एवढंच विचार की कुठलं गाणं ऐकून तुला असं वाटलं. पहिल्या गिगपासून येणारा माणूस रागावतो तेव्हा त्याचं काहीतरी हरवलेलं असतं, आणि मला दाट शंका आहे की त्याचं जे हरवलंय ते वाद्य नाही, माणूस आहे.

तर आता कहोनवाल्याबद्दल, कारण तुझ्या अख्ख्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी त्या एका ओळीची वाटली. तू लिहिलंयस तो स्टुडिओपासून गप्प आहे. म्हणजे प्रतिक्रिया यायच्या कितीतरी आधीपासून. अल्बम आला, लोक वाद घालायला लागले, आणि तुम्हाला वाटलं तो त्यामुळे खचलाय. तो खचला असेल तर त्या दिवशी ज्या दिवशी सेशन ड्रमर आत बसला आणि हा काचेच्या या बाजूला. कहोनच्या मधल्या भागावर थाप मारली की जो घुमणारा आवाज येतो तो किक ड्रमच्या जागेवर बसतो, आणि वरच्या कडेला मारलं की जो कडक आवाज येतो तो स्नेअर ड्रमच्या जागेवर. ड्रमकिट आलं की कहोनची दोन्ही कामं गेली. मी कान देऊन शोधलं, मला कहोन फक्त चौथ्या आणि शेवटच्या गाण्यात नीट ऐकू आला. ड्रमकिट वापरायचं ठरलं तेव्हा त्याला कोणी विचारलं होतं का, की मग तू काय वाजवशील? पत्रात तसं काही दिसत नाही. ज्या मुलाच्या ठेक्यावर तुमची सगळी गाणी बसली, कॅफेत लोक ज्याच्या थापेबरोबर टाळ्या वाजवतात, त्याला स्वतःच्या बँडच्या अल्बममध्ये स्वतःला शोधावं लागत असेल तर तो 'तुम्हीच बघा' नाही म्हणणार तर काय म्हणणार.

इंडियन ओशनचं सांगते. दिल्लीचा बँड, १९९० मध्ये सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी सुरू केलेला. असीमदा मांडी घालून बसून तबला वाजवता वाजवता गायचे, आणि त्यांचा 'कंदिसा' हा अल्बम ऐकलेल्या कोणालाही सांग तो आवाज विसरून दाखव म्हणून. डिसेंबर २००९ मध्ये ते गेले. बँडने त्यांची जागा भरायला एक माणूस शोधला नाही, दोन आले, गायला हिमांशू जोशी आणि तालाला तुहीन चक्रवर्ती, कारण त्या एकाची जागा एकाने भरण्यासारखी नव्हतीच. मग २०१३ ला सुस्मित सेनही बाहेर पडले, निखिल राव आला, आणि २०१४ ला 'तंदानू' आला, शंकर महादेवन, शुभा मुद्गल, विश्वमोहन भट असे एकेका गाण्यात एकेक मोठे पाहुणे. सुंदर काम आहे. पण मी तो ऐकताना कितीतरी दिवस सेनच्या गिटारचा तो टोचून टोचून बोलणारा आवाज शोधत होते, आणि तो नाही म्हणून नव्या माणसाकडे नीट लक्षच देत नव्हते. निखिल रावने वाईट काय वाजवलं होतं? काहीच नाही. मला फक्त दुसरा माणूस हवा होता. नंतर हळूहळू कान बसला आणि आता तो अल्बम मी त्याच्यासाठीसुद्धा लावते. ऐकणाऱ्यांचं असं असतं, त्यांना वाटतं साउंड बदलला पण खरं त्यांना बोटं आठवत असतात, कोणाची तरी. तिथे मृत्यू होता, मतभेद होते, वर्षं गेली होती. तुमचा माणूस जिवंत आहे, पुण्यातच आहे, आणि अजून बँडमध्ये आहे. आत्ता करता येण्यासारखं खूप आहे.

'भारी' म्हणणाऱ्यांबद्दल तू एक ओळ लिहिलीस आणि पुढे गेलास, हे पण मला खटकलं. त्यांना विचारलंत का की काय आवडलं? नाराज माणसाला आपण दहा प्रश्न विचारतो आणि खूश माणसाला थँक्यू म्हणून सोडून देतो. त्यातले काही जण तुमचा पहिला अल्बम न ऐकताच आले असतील, त्यांच्यासाठी तुम्ही आहात तेच आहात, त्यांच्या कानाला काय दिसतं ते ऐकण्यासारखं असेल. आणि दीड महिना म्हणजे काहीच नाही रे. पहिल्या अल्बमबरोबर लोकांनी तीन वर्षं काढलीयत, प्रवासात, होस्टेलवर, ब्रेकअपमध्ये, ते आता नव्या गाण्यांना त्या तीन वर्षांशी तोलतायत, कुठलं नवीन गाणं त्यात टिकणार? रात्रीच्या मेसेजेसचं म्हणशील तर ते वाचायचं काम काही दिवस दुसऱ्या गिटारवाल्याकडे दे, त्याने आठवड्यातून एकदा कामाचं तेवढं सांगावं.

चुकलं का, असं विचारलंस. इलेक्ट्रिक गिटार घेतलीत यात चूक नाही. सिंथ जास्त झाला, एका गाण्याचं मिक्स फसलं, या दुरुस्त होणाऱ्या गोष्टी आहेत. मित्राला न विचारता त्याची जागा दुसऱ्याला दिलीत, हे मात्र चुकलं, आणि ते साउंडच्या वादाखाली झाकलं गेलंय.

शोचं असं करा. कहोनवाल्याच्या घरी जा, तिघंही, आणि सेट त्याला लावू द्या. कुठली नवी गाणी कहोनवर होतील, कुठल्यांना खरंच ड्रमकिट लागेल, हे तो ठरवेल, तुम्ही फक्त ऐकायचं. त्याने शिव्या घातल्या तर खायच्या. जुनी गाणी सगळी शेवटी बक्षीस म्हणून ठेवू नका, मध्ये मध्ये पेरा, नाहीतर लोक नव्या गाण्यांच्या वेळी नुसते वाट बघत बसतील. शेवटचं गाणं, अ‍ॅम्पच्या माउथ ऑर्गनवालं, शोची सुरुवात त्यानेच करा, त्यात तुम्ही चौघंही आहात. आणि सेशन ड्रमरला शोला बोलावलंय का ते तू लिहिलं नाहीस. बोलावलं नसेल तर कहोनवाल्याशी बोलल्याशिवाय बोलावू नका, बोलावलं असेल तर हे कहोनवाल्याला आजच सांग, शोच्या दिवशी साउंड चेकला कळायला नको.